लिथियमसाठी जागा

एक ग्रॅम ग्राफाइटमध्ये जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार साठवता येतो. मोबाइलपासून मोटारीपर्यंत बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या ऋण बाजूला, म्हणजे ॲनोडला, ग्राफाइट असते, त्यामुळे या आकड्याला फार महत्त्व आहे. तो काढायला प्रयोगशाळा लागत नाही. ग्राफाइट पूर्ण भरते तेव्हा सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम बसलेला असतो. सहा मोल कार्बनचे वजन ७२ ग्रॅम. एक मोल लिथियमबरोबर एक मोल इलेक्ट्रॉन येतात आणि फॅराडेच्या स्थिरांकानुसार त्यांचा भार होतो २६,८०१ मिलिअँपिअर-तास. भागाकार केला की ३७२ मिळतात. या प्रकरणात पुढे येणारे क्षमतेचे सगळे सैद्धांतिक आकडे याच भागाकारातून आलेले आहेत. वाचकाने तो एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा.

भागाकार सोपा असला तरी त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : सहा कार्बनमागे एक लिथियम. हे प्रमाण सहाला एकच का? सहाला दोन का नाही? एखाद्या नव्या पदार्थात किती लिथियम बसेल, बसलेला टिकेल का, आणि गरज पडताच बाहेर निघेल का? गेल्या दोन दशकांत या प्रश्नांची उत्तरे काचपात्रापेक्षा संगणकावर आधी शोधली जाऊ लागली आहेत. ती उत्तरे कशी मिळतात आणि त्यांच्यावर किती भरवसा ठेवावा, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

लिथियमसाठी थरांचे पदार्थ निवडण्यामागे सरळ कारण आहे. ग्राफाइटमध्ये कार्बनचे एक अणू जाडीचे पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात. एका पापुद्र्याच्या आतले बंध अतिशय मजबूत, पण दोन पापुद्र्यांमधली ओढ अगदी क्षीण. त्यांच्यामधले अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम, एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. चार्जिंग करताना लिथियमचे आयन या फटीत शिरतात, अंतर वाढून सुमारे ३.७ अँगस्ट्रॉम होते, आणि वापरताना ते बाहेर पडले की थर पुन्हा जवळ येतात. एवढ्या हालचालीत मूळ रचना मोडत नाही. म्हणूनच अशी बॅटरी शेकडो वेळा भरता आणि रिकामी करता येते.

या कल्पनेचा उगम ॲनोडमध्ये झाला नाही. १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम अमेरिकेतल्या एक्सॉन या तेल कंपनीत टायटॅनियम डायसल्फाइडवर काम करत होते. हाही थरांचाच पदार्थ, पण त्यांनी तो धन बाजूला वापरला. ऋण बाजूला शुद्ध लिथियम धातू होता. पुढे कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीने मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा दुसरा थरांचा पदार्थ घेऊन अशाच बॅटऱ्या बाजारात आणल्या. धातूचा ॲनोड पुन्हा पुन्हा भरताना त्यावर लिथियमचे सुईसारखे कोंब वाढतात आणि ते पलीकडे पोहोचले की बॅटरी आतल्या आत शॉर्ट होते. १९८९ मध्ये जपानमधल्या मोबाइल फोनमध्ये आगीच्या घटना घडल्यावर मोलीच्या बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. लिथियम धातू म्हणून न ठेवता कशाच्या तरी आत आयन म्हणून ठेवावा, या विचाराला त्यानंतर जोर आला. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड, म्हणजे धन बाजू, दिला होता, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये त्याला कार्बनचा ॲनोड जोडला आणि १९९१ मध्ये सोनीने ती बॅटरी विकायला सुरुवात केली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सोनीच्या पहिल्या बॅटरीत ग्राफाइट नव्हते, कमी सुव्यवस्थित रचनेचा कार्बन होता. ग्राफाइटमध्ये लिथियम शिरतो हे तोवर माहीत झालेले होते. पण त्या वेळच्या प्रचलित द्रावकाचे, प्रॉपिलीन कार्बोनेटचे, रेणू लिथियमसोबत थरांत घुसून ग्राफाइटची पाने सुटी करून टाकत. एथिलीन कार्बोनेट वापरल्यावर मात्र ग्राफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जिंगमध्ये एक पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो. तो लिथियमला आत येऊ देतो आणि द्रावकाला अडवतो. ग्राफाइटचे सगळे यश या पापुद्र्यावर उभे आहे. हा तपशील वाचकाने लक्षात ठेवावा, कारण पुढे संगणकातल्या बहुतेक हिशोबांत हा पापुद्रा मुळीच नसतो.

ग्राफाइट इतके चांगले असताना दुसरे काही शोधायचे कशाला? ३७२ हा आकडा फार मोठा नाही, म्हणून. सिलिकॉनची क्षमता त्याच्या नऊपटींहून जास्त आहे, पण लिथियम घेताना सिलिकॉनचे आकारमान तिपटीहून अधिक होते आणि कणांचा भुगा होतो. ग्राफाइटमध्ये थोडे सिलिकॉन मिसळायचे, ही तडजोड आता कारखान्यांत रुळली आहे. संशोधकांना मात्र सिलिकॉनची भूक आणि ग्राफाइटचा टिकाऊपणा एकाच पदार्थात हवा होता.

अशा वेळी, २००४ मध्ये, मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटचा एकच थर वेगळा करून दाखवला. तोच ग्राफीन. मग आशा पल्लवित झाली : थर सुटा केला तर लिथियमला दोन्ही बाजू मोकळ्या मिळतील, म्हणजे क्षमता दुप्पट व्हायला हवी. ही अपेक्षा अनेक लेखांत आणि बातम्यांत छापली गेली. ती तपासण्याचे काम संगणकाने चोख केले. ते कसे, हे समजण्यासाठी आधी संगणक नेमके काय मोजतो ते पाहावे लागेल.

सहा कार्बन आणि एक लिथियम एवढेच घेतले तरी इलेक्ट्रॉन होतात ३९. क्वांटम यांत्रिकीनुसार त्यांचे वर्णन करणारे तरंगफल प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या तीन दिशांवर अवलंबून असते. म्हणजे ११७ चल. प्रत्येक चलासाठी नुसत्या दहा जागा तपासायच्या म्हटल्या, तरी एकावर ११७ शून्ये इतक्या नोंदी होतात. कोणत्याही संगणकाला हे कधीही जमणार नाही. १९६४ मध्ये वॉल्टर कोन आणि पिएर होहेनबर्ग यांनी सिद्ध केले की सर्वांत स्थिर अवस्थेची ऊर्जा काढायला एवढा पसारा लागत नाही. कुठे किती इलेक्ट्रॉनांची दाटी आहे, एवढे कळले तरी ती ऊर्जा ठरते, आणि दाटी फक्त तीन दिशांवर अवलंबून असते. पुढच्याच वर्षी कोन आणि लू शॅम यांनी हे तत्त्व प्रत्यक्ष गणितात वापरण्याची रीत दिली. हीच डेन्सिटी फंक्शनल थिअरी. या क्षेत्रातले लोक तिला डीएफटी म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या कोन यांना १९९८ मध्ये नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे. आज बॅटरीच्या पदार्थांवर जे काम चालते ते पाहता, हा सन्मान अगदी योग्य खात्यात जमा झाला असे मला वाटते.

डीएफटीचा सिद्धांत अचूक आहे, पण त्यातला एक भाग, इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधाची ऊर्जा, नेमकी कोणालाच ठाऊक नाही. तिथे अंदाजी सूत्रे वापरावी लागतात. १९९६ मध्ये पर्ड्यू, बर्क आणि एर्न्झरहॉफ यांनी दिलेले सूत्र सर्वांत जास्त वापरले जाते. मजबूत बंधांसाठी ते उत्तम चालते. ग्राफाइटच्या दोन थरांमधली क्षीण ओढ मात्र त्याला जवळजवळ दिसतच नाही. त्याच्या हिशोबाने ग्राफाइटचे थर एकमेकांना धरूनच ठेवणार नाहीत. ही व्हान डर वाल्स ओढ वेगळी जोडावी लागते. स्टेफान ग्रिमे यांनी २००६ मध्ये आणि मग २०१० मध्ये दिलेल्या दुरुस्त्या त्यासाठी सर्रास वापरतात. थरांच्या पदार्थावरचा एखादा शोधनिबंध हाती आला, तर त्यात ही दुरुस्ती केली आहे का हे मी आधी पाहतो. केली नसेल, तर थरांमधल्या अंतराविषयीची आणि आत शिरण्याच्या ऊर्जेविषयीची विधाने बाजूला ठेवलेली बरी.

आता ग्राफीन घेऊ. संगणकात कार्बनचा एक थर मांडायचा, त्यावर लिथियमचा एक अणू ठेवायचा आणि एकूण ऊर्जा काढायची. लिथियमला षटकोनाच्या मध्यावरची जागा सर्वांत आवडते. तिथे तो आपला इलेक्ट्रॉन थराला देतो आणि स्वतः धन आयन होऊन बसतो. चिकटण्याची ऊर्जा प्रचलित सूत्रांनुसार साधारण १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. आकडा धन आहे, लिथियम चिकटतो आहे, सगळे छान दिसते. पण हा हिशोब निर्वात पोकळीत एकट्या फिरणाऱ्या लिथियम अणूच्या तुलनेत केलेला आहे, आणि बॅटरीत असा एकटा अणू कुठेच नसतो. लिथियमपुढे दुसरा पर्याय कायम खुला असतो : आपल्याच जातीच्या अणूंबरोबर एकत्र येऊन धातू बनणे. त्या धातूत प्रत्येक अणू सुमारे १.६ इलेक्ट्रॉन व्होल्टने बांधलेला असतो. १.६ हा आकडा १.१ पेक्षा मोठा आहे. म्हणजे ग्राफीनच्या स्वच्छ, निर्दोष पृष्ठभागावर पसरून बसण्यापेक्षा लिथियमला गोळा होऊन धातू बनणे जास्त परवडते. ज्या कोंबांमुळे जुन्या बॅटऱ्या पेटल्या, त्यांची सुरुवात अशाच गोळ्यांतून होते.

युनसोक ली आणि क्रिस्टिन पर्सन यांनी २०१२ मध्ये बर्कलीत हा प्रश्न नीट सोडवला. व्हान डर वाल्स दुरुस्तीसह, लिथियमच्या असंख्य मांडण्या तपासून. निष्कर्ष असा की दोष नसलेल्या एकेरी ग्राफीनवर लिथियमची कोणतीही पसरलेली मांडणी धातूच्या तुलनेत स्थिर ठरत नाही. थर वाढवत गेले तसे वर्तन हळूहळू ग्राफाइटकडे झुकते. त्याआधी, २०१० मध्ये, प्रयोगातूनही दिसले होते की एकेरी थर ग्राफाइटपेक्षा पुष्कळ कमी लिथियम घेतो. कारण संगणकाने उलगडले. ग्राफाइटमध्ये लिथियमच्या वरही थर असतो आणि खालीही. दोन्हीकडून इलेक्ट्रॉनांचे पांघरूण मिळते आणि शेजारच्या धन आयनांची एकमेकांशी झुंज कमी होते. एकेरी थरावर हे पांघरूण एकाच बाजूने असते. सुटा थर म्हणजे दुप्पट जागा, ही कल्पना इथे निकालात निघाली.

माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत मोलाचा निकाल आहे आणि तो नकाराचा आहे. तरीही नंतरच्या काळात असे कितीतरी हिशोब प्रसिद्ध झाले, ज्यांत तुलना एकट्या अणूशीच केलेली असते. अशी तुलना केली की जवळपास कोणताही पदार्थ चांगला दिसतो. लिथियम हा चिकटणारच असतो. तो धातूपेक्षा जास्त घट्ट चिकटतो का, हे विचारले पाहिजे. या एकाच प्रश्नाने निम्मा गाजावाजा खाली बसेल.

दुसरा प्रश्न वेगाचा. लिथियम एका आवडत्या जागेवरून शेजारच्या जागेवर उडी मारतो तेव्हा मध्ये ऊर्जेचा उंचवटा ओलांडावा लागतो. संगणकाला दोन्ही जागा ठाऊक असतात, मधली वाट ठाऊक नसते. ती शोधण्याची पद्धत अशी : दोन जागांच्या दरम्यान लिथियमची पाच-सात मधली स्थाने कल्पायची, ती एकमेकांना काल्पनिक स्प्रिंगांनी जोडायची आणि सगळी साखळी उतारावर सोडून द्यायची. दोन टोके खिळलेली असल्यामुळे साखळी घसरत घसरत सर्वांत कमी चढाच्या वाटेवर स्थिरावते. सह्याद्री ओलांडायचा तर माणूस शिखरावरून जात नाही, खिंड शोधतो. ही पद्धत तशीच अणूची खिंड शोधते. खिंडीची उंची हाच अडथळा. ग्राफीनवर तो सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट येतो. एवढा अडथळा असताना घरातल्या तापमानाला लिथियम सेकंदाला काही कोटी उड्या मारतो.

या अडथळ्याचा परिणाम घातांकी असतो, आणि फॉस्फरीनमध्ये तो फार सुंदर दिसतो. काळा फॉस्फरस पर्सी ब्रिजमन यांनी १९१४ मध्येच तयार केला होता. त्याचे मोजके, अगदी पातळ थर वेगळे झाले २०१४ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. हा थर ग्राफीनसारखा सपाट नसतो. त्याला समांतर दुमडी असतात आणि दुमडींमध्ये लांब पन्हळी. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हिशोब मांडला, तेव्हा पन्हळीच्या दिशेने लिथियमला अडथळा निघाला फक्त ०.०८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि पन्हळी आडवी ओलांडायला ०.६८. फरक ०.६ चा. घरातल्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, ०.६ ला तिने भागून घातांक काढला, तर पन्हळीतून धावणे हे पन्हळी ओलांडण्यापेक्षा सुमारे हजार कोटी पटींनी सोपे ठरते. एकाच थरावर, एकाच आयनाला, नुसती दिशा बदलल्यावर हजार कोटी पटींचा फरक! अशा वेळी संगणकातले हे काम पाहताना मन भरून येते. हातात भिंगही नसताना आपण अणूच्या वाटेवरचा चढ मोजला आहे.

पण ही पन्हळी एका दिशेचीच असल्याने तिच्यात एक दोष किंवा परका अणू अडकला की ती वाट बंद होते. शिवाय फॉस्फरीन हवेतल्या ऑक्सिजन आणि ओलाव्यापुढे टिकत नाही. निर्वात पोकळीत केलेल्या हिशोबात हवा नसते, त्यामुळे ही अडचणही तिथे उमटत नाही.

बोरोफीनची गोष्ट याहून बोलकी आहे. बोरॉन हा कार्बनहून हलका. भागाकारात खालचा आकडा लहान, म्हणून उत्तर मोठे. २०१५ च्या अखेरीस बोरॉनचा एक अणू जाडीचा थर चांदीच्या पृष्ठभागावर तयार झाल्याची बातमी आली आणि २०१६ मध्येच त्याच्या ॲनोडचे हिशोब छापून आले. एका गाजलेल्या हिशोबात चार बोरॉनमागे तीन लिथियम बसतात असे धरून क्षमता आली १,८६०, म्हणजे ग्राफाइटच्या पाचपट. अडथळा तर ०.००३ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षाही कमी, म्हणजे जवळपास नाहीच. आकडेमोड चुकीची नव्हती. पण बोरोफीन वाढते ते अतिशय उच्च निर्वात पोकळीत, चांदीच्या आधाराने, आणि हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होते. बॅटरीसाठी तो पदार्थ किलोने लागेल. शिवाय एक ग्रॅम बोरोफीनखाली चांदी ठेवायची असेल, तर भागाकारात चांदीचेही वजन धरावे लागेल, आणि मग १,८६० मधले काही उरणार नाही.

मग सगळे हिशोब फाजील आशावादीच असतात का? तसे नाही, आणि मॅक्सीनचा इतिहास त्यासाठी वाचावा असा आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात मिशेल बार्सूम आणि युरी गोगोत्सी यांच्या गटाने टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि कार्बन यांच्या एका थरांच्या संयुगातून हायड्रोफ्लोरिक आम्लाने ॲल्युमिनियम काढून टाकले. उरले ते टायटॅनियम कार्बाइडचे पातळ थर, तेच मॅक्सीन. मात्र हे थर उघडे राहत नाहीत. आम्लातून आणि पाण्यातून आलेले फ्लोरिन, ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल हे गट त्यांच्या दोन्ही अंगांना चिकटतात. चीनमधल्या नानकाई विद्यापीठात २०१२ मध्ये झालेल्या हिशोबानुसार उघड्या थराची क्षमता ३२०, फ्लोरिन चिकटलेल्याची १३० आणि हायड्रॉक्सिल चिकटलेल्याची अवघी ६७. उघडा थर प्रत्यक्षात मिळतच नाही, म्हणजे पदार्थ बाद व्हायला हवा होता.

झाले उलटे. ड्रेक्सेलच्याच गटाने २०१३ मध्ये थर सुटे करून त्यांचा कागद बनवला, त्याची क्षमता ४१० भरली. हिशोबातल्या सर्वांत चांगल्या आकड्यापेक्षाही जास्त. हिशोब आणि प्रयोग असे समोरासमोर उभे राहिले की विज्ञान पुढे सरकते. २०१४ मध्ये ओक रिज प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी या गटाबरोबर काम करून दोन कारणे मांडली. एक, पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट ऑक्सिजनमध्ये बदलू शकतात, आणि ऑक्सिजनने झाकलेला थर लिथियमला फार चांगला धरतो. पहिल्या हिशोबात ही शक्यता घेतलेलीच नव्हती. दोन, लिथियमच्या पहिल्या थरावर आणखी एक थर बसू शकतो. पहिला हिशोब गणितात चुकला नव्हता. त्याला विचारलेला पृष्ठभाग प्रयोगातल्या पृष्ठभागाहून वेगळा होता, एवढेच. पृष्ठभागाला कोण चिकटले आहे, यावर एकाच पदार्थाची क्षमता ६७ पासून ४१० पर्यंत फिरते, हे या साऱ्यातून कळले.

असाच धक्का २०१८ मध्ये श्टुटगार्टमधल्या माक्स प्लांक संस्थेतून आला. दोनच थरांचे ग्राफीन घेऊन त्यात लिथियम सोडला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर दोन थरांमध्ये लिथियमची सहाला एक ही नेहमीची मांडणी दिसेना. लिथियम दाटीवाटीने, एकावर एक असे अनेक थर करून, स्फटिकासारखा बसला होता. सहाला एक हा नियम ग्राफाइटच्या जाड गठ्ठ्याचा आहे. दोनच थर असतील तर ते जागा करून देतात. संगणकातल्या हिशोबाने ही रचना शक्य असल्याचे नंतर दाखवले, पण आधी ती कोणी सुचवली नव्हती. ग्राफीनच्या एकेरी थरावर नकार देणारा निसर्ग दुहेरी थरात इतकी मुभा देईल, असे कोणाला वाटले असते?

तरी एक मोठी अडचण प्रत्येक पातळ पदार्थाला आडवी येते आणि ती फार थोड्या हिशोबांत असते. ग्राफाइटवरच्या ज्या संरक्षक पापुद्र्याविषयी आधी लिहिले, तो तयार होताना काही लिथियम कायमचा खर्च होतो. किती खर्च होईल हे पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते. एक ग्रॅम ग्राफीनचे दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ, सैद्धांतिक हिशोबाने, सुमारे २,६३० चौरस मीटर. एवढ्या पृष्ठभागावर पापुद्रा चढवायचा तर पहिल्याच चार्जिंगमध्ये बॅटरीतला लिथियम मोठ्या प्रमाणावर संपतो आणि तो कॅथोडमधूनच आलेला असल्याने भरून काढता येत नाही. पातळपणाचा जो फायदा म्हणून सांगतात, तोच इथे अंगावर येतो. शिवाय सुटे थर पुन्हा एकमेकांना चिकटू पाहतात, आणि विरळ रचले तर तेवढ्याच वजनाला जास्त जागा लागते. ग्रॅममागे आकडा मोठा पण लिटरमागे लहान, अशी बॅटरी मोटारीच्या काय कामाची?

हे सगळे संगणकात घ्यायचे तर अणूंची संख्या शेकड्यांवरून हजारोंवर जाते. डीएफटीत अणू दुप्पट केले की काम साधारण आठपट होते. म्हणून आता डीएफटीच्या उत्तरांवर शिकवलेली यंत्रे, म्हणजे मशीन लर्निंगची सूत्रे, मोठ्या रचनांसाठी वापरली जातात. योर्ग बेलर आणि मिकेले परिनेल्लो यांनी २००७ मध्ये त्याची वाट घालून दिली. दुसरीकडे चाळण्या लावण्याचे काम चालू आहे. निकोला मर्झारी यांच्या लोझानमधल्या गटाने २०१८ मध्ये १,०८,४२३ ज्ञात संयुगांतून ५,६१९ थरांची संयुगे वेगळी काढली आणि त्यांपैकी १,८२५ चे थर सोडवता येण्यासारखे आहेत असे दाखवले. यांतली फारच थोडी कोणी प्रयोगशाळेत थर-थर करून पाहिली आहेत. पर्सन यांनी २०११ मध्ये सुरू केलेला मटेरियल्स प्रोजेक्ट हा संगणकी माहितीचा खजिना तर कोणालाही फुकट उघडता येतो.

इथे महाराष्ट्राचा संबंध येतो. सोनीची बॅटरी बाजारात आली त्याच वर्षी, १९९१ मध्ये, पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक उभा केला. आज त्याच घराण्यातला परम ब्रह्म पुण्याच्या आयसरमध्ये आहे. असे यंत्र हाताशी नसले तरी अडत नाही. इटलीतल्या ट्रिएस्टेच्या परिसरात वाढलेले क्वांटम एस्प्रेसो हे डीएफटीचे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि ग्राफीनच्या छोट्या तुकड्यावर एक लिथियम ठेवण्याचा हिशोब साध्या संगणकावरही होतो.

भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे की हा हिशोब एकदा स्वतः करावा. चिकटण्याची ऊर्जा आधी एकट्या अणूच्या तुलनेत काढा, मग लिथियम धातूच्या तुलनेत काढा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. व्हान डर वाल्स दुरुस्ती लावून आणि काढून पाहा. त्यानंतर 'ग्राफाइटच्या पाचपट क्षमतेचा ॲनोड' अशी बातमी दिसली की मूळ निबंध उघडा आणि तीन गोष्टी शोधा : तुलना कोणत्या लिथियमशी केली आहे, पृष्ठभागाला काय चिकटलेले धरले आहे, आणि तो पदार्थ कोणी ग्रॅमभर तरी बनवला आहे का.